श्वासाची गोष्ट : भाग ६ – अडकलेली हवा

मागच्या आठवड्यात आपण दमा पाहिला. दम्यात श्वासनलिका आवळतात, औषधाने मोकळ्या होतात, आणि दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांत माणूस बहुधा बरा असतो. आज एम्फिसेमा, म्हणजे फुप्फुसातले वायुकोश फाटण्याचा आजार. त्यात असे मोकळे दिवस नसतात. तो वर्षानुवर्षे गुपचूप वाढतो, आणि आपल्या हिंगोलीच्या खेड्यापाड्यांत त्याची बोळवण 'आता वय झालं' एवढ्यावर होते. वयाने केस पिकतात. सपाट वाटेवर चार पावलं चालून धाप लागणं हा आजार आहे.

फुप्फुसात कोट्यवधी वायुकोश असतात. त्यांच्या पातळ भिंतींमधून प्राणवायू रक्तात उतरतो. या भिंतींत इलॅस्टिनचे लवचीक तंतू असतात. श्वास घेताना ते ताणले जातात, सोडताना आपसूक आखडतात. म्हणून निरोगी माणसाला श्वास सोडायला कष्ट पडत नाहीत. धूर रोजच जात राहिला, की त्याच्याशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमधली विकरं हे तंतूच तोडू लागतात. भिंती फाटतात, लहान कोश मिळून मोठ्या पोकळ्या होतात. बारीक नलिकांना उघडं ठेवणारा आधारही जातो, आणि श्वास सोडताना त्या मिटतात.

रुग्ण सांगतो, 'हवा आत जाईना.' खरं तर आधीची हवाच बाहेर पडलेली नसते. काठोकाठ भरलेल्या घागरीत आणखी पाणी मावणार कसं? छाती फुगून गोल होते, खालचं श्वासपटल सपाट होतं. नुसत्या श्वासावर इतकी ताकद खर्च होते, की वजन उतरतं. दोन घास खाल्ले की दम लागतो, म्हणून जेवण कमी होतं. हात वर करून केस विंचरणं, लुगडं नेसणं, आंघोळ, ही मोठी कामं होऊन बसतात. मग माणूस लग्नाकार्याला जायचं टाळतो, पारावर यायचा थांबतो. घरच्यांना तो चिडका वाटतो. आतून तो घाबरलेला असतो.

कारणांत बिडी-सिगारेट पहिली, यात शंका नाही. पण २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ४ टक्क्यांहूनही कमी होते. मग कधी बिडीला हात न लावलेल्या बायांना धाप का? पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये नेमका हाच प्रश्न मांडला, आणि चुलीच्या धुराकडे जगाचं लक्ष वेधलं. तुराट्या, पऱ्हाटी, गोवऱ्या जाळून बंद खोलीत रांधणाऱ्या बाईच्या छातीत तो धूर लहानपणापासून जातो. अशा धुराने वायुकोशांपेक्षा श्वासनलिका अधिक बिघडतात, बिडीने भिंती अधिक फाटतात. दोन्हींना मिळून डॉक्टर सीओपीडी म्हणतात. वसमतकडे हळद शिजवताना भट्टीपाशी उभं राहणाऱ्यांनी आणि पॉलिशच्या ड्रमची धूळ ओढणाऱ्यांनी हे आपल्याला लागू नाही असं समजू नये. धूर आणि धूळ दोन्ही कारणांच्या यादीत आहेत.

फाटलेल्या भिंती पुन्हा जुळत नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवं. पण बिडी सोडली की ऱ्हासाचा वेग कमी होतो, अगदी साठीनंतरही. निदानासाठी एक्स-रे पुरत नाही, सुरुवातीला तो साफ दिसू शकतो. यंत्रात जोराने फुंकायची स्पायरोमेट्री करून घ्या. 'पंपाची (इनहेलरची) सवय लागते' या भीतीने मात्र मला फार वाईट वाटतं. पंपाचं औषध थेट नलिकेत जातं, म्हणून गोळीपेक्षा कितीतरी कमी मात्रेत काम भागतं. धाप लागली की नाकाने श्वास घ्यावा आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून सावकाश सोडावा. नलिका थोडा जास्त वेळ उघड्या राहतात. झेपेल तेवढं रोज चालावं. पडून राहिल्याने पायांचे स्नायू जातात आणि धाप आणखी वाढते.

घरी ऑक्सिजन सगळ्यांना लागत नाही. रक्तातलं प्रमाण स्वस्थ बसूनही सतत फार कमी असेल, तर तो दिवसाला १५ तास किंवा जास्त घेतल्याने आयुष्य वाढतं, हे १९८०-८१ मधल्या अमेरिकी आणि ब्रिटिश चाचण्यांनी दाखवलं. ऑक्सिजनचं यंत्र चुलीच्या, देवापुढच्या दिव्याच्या किंवा बिडीच्या जवळ कधीही लावू नका, आग भडकते.

पुढच्या आठवड्यात : पंप नेमका कसा ओढायचा, आणि बहुतेकांचं औषध घशातच का राहतं.