आजारपणाचे कागद

मुळशी तालुक्यात कागदाचे महत्त्व कोणाला पटवून द्यावे लागत नाही. १९२१ साली धरणासाठी जमिनी जाऊ लागल्या, शेतकऱ्यांनी सत्याग्रह मांडला, सेनापती बापट त्यासाठी तुरुंगात गेले. तेव्हापासून सातबारा, फेरफार, खरेदीखत हे शब्द इथे पोराबाळांच्याही तोंडी आहेत. पुढे हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आल्या, भूगाव-पिरंगुटकडे जमिनीला सोन्याचा भाव आला, आणि त्याबरोबर कुळमुखत्यारपत्र हाही शब्द रुळला. हे सगळे कागद ट्रंकेत तळाशी, पिशवीत गुंडाळून जपलेले असतात. पण घरचा कर्ता माणूस आजाराने बेशुद्ध होऊन पडला, तर त्याच्या देहाविषयी बोलावयाचे कोणी, याचा कागद मात्र त्या पिशवीत सहसा सापडत नाही.

आता असे समजा. ताम्हिणीच्या बाजूच्या एखाद्या वाडीतले आजोबा पक्षाघाताने कोसळले. पुण्याच्या मोठ्या इस्पितळात त्यांना श्वासाच्या यंत्रावर ठेवले. पंधरा दिवस झाले, शुद्ध नाही. थोरला म्हणतो, "यंत्र चालूच ठेवा." धाकटा म्हणतो, "बाबांना हे असलं आवडलं नसतं." लेक सासरहून धावत येते आणि केसपेपर मागते, तर खिडकीतला माणूस विचारतो, "तुम्ही कोण? पेशंटनं तुमचं नाव दिलंय का?" बिल तर रोज वाढतेच आहे. मग थोरला पिशवीतून कुळमुखत्यारपत्र काढतो आणि म्हणतो, "हे बघा, सगळे अधिकार माझ्याकडे आहेत."

नेमकी इथेच बहुतेकांची समजूत चुकते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे २०१ वे कलम असे सांगते, की मुखत्यारी देणाऱ्याचे मन शाबूत राहिले नाही की मुखत्यारी संपते. (जमिनीत मुखत्याराचाच हितसंबंध गुंतलेला असेल तर गोष्ट निराळी.) म्हणजे ज्या दिवशी त्या कागदाची खरी निकड लागते, त्याच दिवशी तो निकामी होतो! मग नातेवाइकांना उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो. २०२० साली मुंबई उच्च न्यायालयाने बेशुद्धावस्थेतील एका गृहस्थाच्या पत्नीला असे पालकत्व दिले. पण वाडीतल्या माणसाने त्यासाठी मुंबईची वाट धरायची म्हणजे काय, हे तुम्हीच पाहा.

"अहो, पोरं आहेत की बघायला!" असे तुम्ही म्हणाल. परंतु सज्ञान माणसाच्या शरीरावरील उपचाराला संमती त्याची स्वतःचीच लागते. नात्याने ती आपोआप दुसऱ्याकडे जात नाही. रुग्ण भुलीखाली असताना तिच्या आईने दिलेल्या संमतीवर केलेली शस्त्रक्रिया सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली गैर ठरवली. जीव वाचवण्याची तातडी असेल तर डॉक्टर थांबत नाहीत, ते वेगळे.

तेव्हा शुद्धीत असतानाच दोन कागद करून ठेवावेत. पहिला अगदी साधा आहे. "माझे केसपेपर, तपासण्यांचे अहवाल व उपचारांची माहिती अमुक-अमुक यांना द्यावी," एवढेच लिहून सही करायची. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ सालच्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने कागद मागितले, तर ते ७२ तासांच्या आत द्यावे लागतात. दाखल झालेल्या रुग्णाची नोंद तीन वर्षे जपणे हेही डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने तर १९९६ सालीच सांगितले होते, की केसपेपरची प्रत रुग्णाला नाकारता येत नाही. आणि जसे देण्याचे बंधन, तसेच झाकण्याचेही. न्यायालयाचा हुकूम, दुसऱ्याच्या जिवाला धोका, सरकारला कळवण्याजोगा रोग असे काही अपवाद सोडले, तर रोग्याचे गुपित डॉक्टरने फोडता कामा नये. खेड्यात याची गरज शहरापेक्षा जास्तच. दवाखान्यातून बातमी निघते ती माणूस घरी पोचायच्या आधी पारावर पोचते. म्हणून त्या कागदात कोणाला सांगावे याबरोबर कोणाला सांगू नये, हेही लिहावे. पुतण्याला कळू द्यायचे नसेल तर तसे स्वच्छ लिहावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

दुसरा कागद जड आहे. त्याला वैद्यकीय इच्छापत्र म्हणतात. मृत्युपत्र माणूस गेल्यावर बोलते. हे माणूस जिवंत असताना, पण बोलू शकत नसताना, त्याच्या वतीने बोलते.

याची गरज ज्यांच्यामुळे साऱ्या देशाला कळली, त्या अरुणा शानभाग मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच त्यांच्यावर हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी प्राण जाईपर्यंत त्या तिथेच पडून होत्या, आणि तिथल्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांची शुश्रूषा केली. पत्रकार पिंकी विराणी यांनी न्यायालयात सांगितले, की हे जिणे थांबू द्यावे. परिचारिका म्हणाल्या, आम्ही त्यांना सांभाळू. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परिचारिकांचे म्हणणे मान्य केले. दोन्ही बाजूंना माया होती. पण स्वतः अरुणाताईंना काय हवे होते, हे सांगणारा कागदाचा एक चिटोराही कोणापाशी नव्हता.

९ मार्च २०१८ रोजी 'कॉमन कॉज' या संस्थेच्या अर्जावर न्यायालयाने असे इच्छापत्र कायदेशीर ठरवले. सुरुवातीला त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागत असे आणि त्या खटाटोपात कोणी पडेना. २४ जानेवारी २०२३ रोजी ती अट गेली. आता सज्ञान व शुद्धीवर असलेल्या माणसाने राजीखुशीने लिहावे, दोन साक्षीदारांनी सही करावी, आणि नोटरीने किंवा राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित करावे, एवढे पुरते. पौडचे तहसीलदार राजपत्रित अधिकारीच आहेत. बरे होण्याची आशा उरली नसताना कोणते उपचार नकोत आणि माझ्या वतीने कोणी बोलावे, हे त्यात स्पष्ट हवे. मोघम लिहिलेले इच्छापत्र डॉक्टर बाजूला ठेवतात. बोलणारी माणसे एकाहून अधिक नेमता येतात. माझे मत विचाराल तर पैशाचा व्यवहार पाहणारा मुलगा आणि हे बोलणारे माणूस एकच नसावे. लेकीचे नाव घालायला कित्येक बाप कचरतात. उशाशी बसते ती बहुधा तीच.

इच्छापत्राची एक प्रत घरच्या डॉक्टरांकडे द्यावी व एक ग्रामपंचायतीत. होय, ग्रामपंचायतीत! महानगरपालिका, नगरपालिका, पंचायत यांच्या अधिकाऱ्याने हे कागद सांभाळण्यास माणूस नेमावा, असे निकालातच म्हटले आहे. कार्यालयात "आमच्याकडे असलं काही येत नाही" असे कोणी म्हणाले तर हुज्जत घालू नये. अर्ज जोडून प्रत द्यावी, आवक-बारनिशीत नोंद करवून दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. ३१ मे २०२४ रोजी गोव्यात न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवले. त्या राज्यात ते पहिलेच. न्यायाधीशाला ज्याची गरज वाटली, त्याची आपल्याला वाटली तर अशुभ काय?

या कागदाने कोणी इंजेक्शन देऊन जीव घेऊ शकत नाही. तो गुन्हाच आहे. इच्छापत्र असले तरी आधी उपचार करणारे डॉक्टर व दोन तज्ज्ञ, मग दुसरे वैद्यकीय मंडळ, ही दोन्ही सहमत व्हावी लागतात. नेमलेल्या माणसांची संमती लागते, दंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते. यंत्र थांबले तरी वेदना शमवण्याची औषधे थांबत नाहीत. ही खात्री घरातल्या म्हाताऱ्यांना आधी द्यावी, मग कागद पुढे करावा. नाहीतर पोरं सुटका करून घ्यायला निघाली, असे त्यांच्या मनात यायचे.

वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे किंवा पुण्याला शिवाजीनगरच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील लोक, अपंग आणि अल्प उत्पन्नाचे लोक यांना तिथे फुकट मदत मिळते; स्त्रीला तर उत्पन्नाची अटही नाही. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते.

मन बदलले तर इच्छापत्र केव्हाही लेखी रद्द करता येते. नवे केले तर शेवटी सही केलेले खरे धरतात. मात्र नवी प्रत, जुनी जिथे-जिथे दिली होती, तिथे-तिथे पोचवून पोच घ्यावी.