एक नंबरची प्रोसेस

लिनक्स मशीन चालू केलं की कर्नल स्वतः तयार झाल्यावर एकच प्रोग्राम सुरू करतो. त्याचं नाव इनिट, आणि प्रोसेस नंबर कायम १. आपण वापरतो ते बाकीचे सगळे प्रोग्राम म्हणजे ह्याची पोरं-नातवंडं. मेसच्या मामांसारखं समजा, ते आले नाहीत तर कोणालाच जेवण नाही. इनिट मेला तर कर्नल पॅनिक होतो आणि मशीन ठप्प!

पूर्वी बऱ्याच ठिकाणी सिसव्ही इनिट असायचा. नंबर टाकलेल्या शेल स्क्रिप्ट्स तो ओळीने चालवायचा. २०१० मध्ये सिस्टिमडी आला. तो कोणाला काय लागतं ते बघून सर्व्हिसेस एकाच वेळी सुरू करतो, पण लॉगिन, लॉग वगैरे कामंही स्वतःकडे घेतो. ह्यावरून डेबियनमध्ये जाम भांडणं झाली. २०१४ साली टेक्निकल कमिटीत चेअरमनच्या जादा मताने सिस्टिमडी ठरला आणि नाराज मंडळींनी देवुआन वेगळं काढलं.

हे सगळं वाचून मलाही चेव आला. रूमवरच्या डेबियनवर सिसव्हीइनिट-कोर टाकायला घेतलं. काय काय काढलं जाणार ह्याची मोठी यादी स्क्रीनवर आली. न वाचता ‘वाय’ दाबलं. रीबूट केल्यावर डेस्कटॉप गायब, नुसती काळी स्क्रीन! सकाळी रूममेटचा प्रोजेक्ट रिपोर्ट सबमिट करायचा होता आणि होस्टेलचं नेट रात्री बंद. (तो काय बोलला ते इथे छापता येणार नाही.) फाइल्स मात्र जागेवर होत्या. पेन ड्राइव्ह हाताने माउंट करून पहाटे तीनला रिपोर्ट बाहेर काढला.

घोळ असा, की डेस्कटॉपला सिस्टिमडीचा लॉगिनवाला भाग लागतो. त्याच्याऐवजी ई-लॉगिनडी चालू शकतो, पण तो आधी बघून ठेवायला हवा होता. तुम्हाला करायचंच असेल तर आधी बॅकअप घ्या, मग ती यादी शेवटपर्यंत वाचा. पॅकेज टाकल्याबरोबर इनिट बदलत नाही, चालू असलेला रीबूटपर्यंत तसाच राहतो. म्हणजे विचार बदलायला वेळ असतो. नवीन इनिट उठलाच नाही तर ग्रबच्या मेनूत ‘ई’ दाबा आणि कर्नलच्या ओळीच्या शेवटी ‘इनिट बरोबर’ लिहून जुन्या सिस्टिमडीचा पूर्ण पाथ द्या. सिस्टिमडीचं मूळ पॅकेज उडवलं नसेल तर तेवढ्या बूटपुरता तोच उठतो.

माझ्या मशीनवर सध्या सिस्टिमडीच आहे. रूममेटची अट आहे.