माल सुरतेचा, नाव आपले

श्रावण लागला किंवा लग्नसराई जवळ आली की आपल्या भागातल्या घराघरांतले मोबाइल साड्यांच्या फोटोंनी भरून जातात. बेळगाव, निपाणी, चिकोडी, गडहिंग्लज, कुठल्याही गल्लीत घरबसल्या साड्या विकणारी एखादी वहिनी नाही तर अक्का असतेच. दुपारी स्वयंपाक आवरला की व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचे, संध्याकाळी मागण्या लिहून घ्यायच्या, माल आला की घरोघरी पोचवायचा. या उद्योगावर कितीतरी घरांतली मुलांची फी भरली जाते. आता यातल्या अनेकींना वाटते की आपल्या धंद्याला एक नाव असावे, स्वतःचे संकेतस्थळ म्हणजेच वेबसाइट असावी, पुण्या-बंगळूरच्या गिऱ्हाइकानेही आपल्याकडून माल मागवावा. ही हौस चांगलीच आहे. अडचण एकच आहे. चार गल्ल्यांमधल्या चारही जणींकडे फोटो तेच असतात. तीच मुलगी, तोच पडदा, तीच साडी. मग गिऱ्हाइकाने आपल्याचकडे का यावे?

याचे उत्तर शोधायचे तर हा माल जिथून येतो त्या सुरतेचा बाजार आधी समजून घ्यायला हवा.

सुरतेत साडी कशी तयार होते

तापी नदीकाठचे सुरत हे फार जुने व्यापारी बंदर. आज ते कृत्रिम धाग्याच्या कापडाचे देशातले सर्वांत मोठे केंद्र आहे. तिथे लाखो यंत्रमाग चालतात. एका कारखान्यात पॉलिस्टरचे कोरे कापड विणले जाते, त्याला बाजारात 'ग्रे' म्हणतात. हे ताके पांडेसरा, सचिन अशा औद्योगिक भागांतल्या प्रोसेस हाउसमध्ये जाऊन रंगतात, छापले जातात. मग ते रिंग रोडवरच्या कापड बाजारातल्या व्यापाऱ्याकडे येतात. तिथून पुन्हा भरतकामाला, लेस आणि खडे लावायला बाहेर जातात. शेवटी कटिंग, घडी, पॅकिंग होते. एका मालिकेतल्या साड्यांचा फोटोंसह एक कॅटलॉग निघतो आणि त्या फोटोंवरच देशभर विक्री होते. हवे असेल तर व्यापारी साडीवर तुमच्या दुकानाचे लेबलही लावून देतात.

म्हणजे एका साडीला आठ-दहा घरांचे हात लागतात आणि यातल्या कोणाचेच नाव साडीवर नसते. त्यातले बरेच हात मराठी आहेत. लिंबायत, उधना, डिंडोली या वस्त्यांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून पोटापाण्यासाठी गेलेली हजारो खानदेशी कुटुंबे राहतात. सुरत महानगरपालिका आजही गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू माध्यमांच्या शाळा चालवते, यावरून तिथली वस्ती किती मिश्र आहे हे कळते. पुरुष मागावर जातात, बायका घरी बसून साड्यांना लेस नि खडे लावतात. घरात अहिराणी, बाजारात गुजराती-हिंदी. दोन भाषांत संसार करणाऱ्या आपल्याकडच्या वाचकांना हे चित्र ओळखीचे वाटेल.

निनावी कापडाला नाव मिळते तेव्हा

सुरतेच्या सगळ्याच कापडाने निनावी राहायचे ठरवले नव्हते. गार्डन सिल्क मिल्सने आपल्या छापील साड्यांना 'गार्डन वरेली' असे नाव दिले. वरेली हे सुरत जिल्ह्यातलेच गाव, कंपनीचा कारखाना तिथे होता. १९८० च्या दशकात मासिकांतून आणि दूरदर्शनवरून झालेल्या जाहिरातींमुळे हे नाव घरोघरी पोचले. आपल्याकडच्या कितीतरी आत्या-मावश्यांच्या ट्रंकेत त्या काळातली एखादी गार्डन अजून असेल. ती रेशमी नव्हती, हे घेणारीला ठाऊक होते. रंग, छपाई आणि हलकेपणा यांसाठी तिने ती घेतली होती. पुढे ही कंपनी कर्जात अडकली आणि २०२१ मध्ये मालकी बदलली. तरी नाव लोकांच्या तोंडी राहिले. कृत्रिम धाग्याची साडी 'कृत्रिम धाग्याची' म्हणून विकूनही मोठे नाव करता येते, हे यातून दिसते.

सुरतेचा दुसरा जुना धंदा जरीचा. सुरतेच्या जरीकामाला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. येवल्याच्या पैठणीला आणि कांचीपुरमच्या रेशमी साडीला लागणारी जर पिढ्यान्‌पिढ्या इथून जाते. जरीचे ढोबळ तीन प्रकार आहेत. असली जर म्हणजे चांदीची तार चपटी करून रेशमाच्या किंवा सुती धाग्यावर गुंडाळायची आणि वर सोन्याचा मुलामा द्यायचा. दुसरीत चांदीच्या जागी तांबे असते, वर चांदीचा पातळ थर. तिसरी पॉलिस्टरच्या चकचकीत पट्टीची, जिला प्लॅस्टिक जर म्हणतात. जरीवाला तिन्ही विकतो. पण विकताना कुठली कुठली ते सांगून विकतो, कारण समोरचा विणकर जाणकार असतो आणि भाव त्यावरच ठरतो. गोंधळ सुरू होतो तो पुढे, साडी तीन-चार हातांतून गेल्यावर. प्रत्येक हाताबरोबर नाव चढत जाते आणि प्लॅस्टिक जरीची साडी शेवटी 'अस्सल पैठणी' होते. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण या बाजाराला नेमकी लागू पडते.

इरकल आणि इरकलसारखी

आपल्या भागात हा प्रश्न जास्तच जिव्हाळ्याचा आहे. मराठीत इरकल, कन्नडमध्ये इळकल, बागलकोट जिल्ह्यातल्या त्या गावची साडी आपल्या दोन्ही भाषांतल्या आजींनी नेसली. तिलाही भौगोलिक निर्देशांक आहे. तिचे अंग आणि पदर वेगवेगळ्या ताण्यांचे असतात. दोन्ही ताण्यांचे धागे मागावर 'कोंडी' घालून एकमेकांत अडकवतात. लाल पदरावर पांढरी नक्षी असते. तिच्यात ज्वारीचे कणीस म्हणजे तेने, कंगवा म्हणजे हणिगे, किल्ल्याचा तट अशा आकृत्या ओळखू येतात. हे काम वेळखाऊ आहे आणि घरातल्या दोघा-तिघांनी मिळून करायचे आहे.

तसाच दिसणारा पदर यंत्रमागावर विणता येतो किंवा पॉलिस्टरवर छापताही येतो. अशी साडी स्वस्त असते, धुवायला सोपी असते, शाळेत-ऑफिसात रोज नेसायला बरी पडते. ती विकण्यात गैर काही नाही. 'इरकल' म्हणून विकली की मात्र दोघींचे नुकसान होते. गिऱ्हाईक फसते ते एक, आणि कोंडी घालणाऱ्या विणकराला "बाजारात तर ही निम्म्याहून कमी भावात मिळते" असे ऐकावे लागते ते दुसरे. भौगोलिक निर्देशांकाच्या नावाचा असा खोटा वापर करायला १९९९ च्या कायद्याने मनाई आहे. १९८५ च्या कायद्याने साड्यांच्या काही प्रकारांसह अकरा वस्तू हातमागासाठी राखून ठेवल्या आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार उरतोच. चार धुण्यांनंतर साडी आपले खरे नाव स्वतःच सांगते, आणि मग गिऱ्हाइकाच्या तोंडी सुरतेच्या व्यापाऱ्याचे नाव येत नाही, आपल्या वहिनीचे येते.

म्हणून ज्यांना धंद्याला नाव द्यायचे आहे त्यांनी नावाआधी एक गोष्ट ठरवावी: आपण काय विकतो ते जसे आहे तसे लिहू. फोटो शंभर जणींकडे असतील. खरे वर्णन फार थोड्या जणींकडे असते. आपल्या ब्रँडमध्ये आपले असे जे काही असेल ते हेच.

संकेतस्थळावर काय असावे

प्रत्येक साडीखाली पुढील माहिती द्यावी.

१. धागा कुठला: सुती, रेशीम, पॉलिस्टर की मिश्र. जर असली, तांब्याची की प्लॅस्टिकची. नक्की माहीत नसेल तर व्यापाऱ्याला लेखी विचारावे. तो सांगत नसेल तर ती जर 'असली' म्हणून लिहूच नये.

२. हातमाग की यंत्रमाग. कन्नडमध्ये कैमग्ग की विद्युत मग्ग. आपला माग आणि त्यांचा मग्ग हे सख्खे शेजारी शब्द, गिऱ्हाइकाला कुठल्याही भाषेत कळतील.

३. साडी कुठे विणली. 'सुरत' लिहायला लाजू नये. 'इरकल पद्धतीची नक्षी, सुरतेत यंत्रमागावर विणलेली, पॉलिस्टर' हे वाक्य लांब आहे, पण ते वाचून घेणारी गिऱ्हाईक साडी परत करत नाही.

४. लांबी, ब्लाउजपीस आहे की नाही, कशी धुवायची, रंग जातो का.

५. टपाल-कुरियरसह एकूण किंमत, आणि साडी परत घेणार का, किती दिवसांत.

कॅटलॉगच्या फोटोबरोबर स्वतः काढलेले दोन फोटो जरूर टाकावेत. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, एक पदराचा आणि एक उलट्या बाजूचा. उलटी बाजू दाखवणारा विक्रेता काही लपवत नाही, हे बायकांना बरोबर कळते. रेशमासाठी २००४ पासून सिल्क मार्क आणि हातमागासाठी २००६ पासून हँडलूम मार्क ही सरकारी चिन्हे आहेत. ती मालावर असतील तर त्यांचा फोटो द्यावा. नसतील तर चिन्ह उसने आणू नये.

मजकूर मराठी आणि कन्नड दोन्हींत असावा. ही आपली मोठी जमेची बाजू. मोबाइलमधले आयते भाषांतर तसेच न टाकता घरातल्या कन्नड शाळेत शिकलेल्या सुनेकडून किंवा मुलाकडून ते वाचून घ्यावे. धारवाडच्या काकूंना आणि सांगलीच्या मावशींना आपापल्या भाषेत, एकाच साडीबद्दल एकच गोष्ट कळली पाहिजे.

'आमच्याबद्दल' या पानावर मोठमोठी विशेषणे नकोत. कोण विकते, कुठल्या गावी, किती दिवसांपासून, माल कुठून आणते, तक्रार असेल तर कोणाला फोन करायचा, इतके पुरे. जी मैत्रीण साडी नेसून समाधानी आहे तिचे दोन शब्द तिच्या परवानगीने घालावेत. स्वतःच गिऱ्हाईक बनून लिहिलेल्या स्तुतीला २०२० च्या ई-व्यापाराच्या नियमांनी बंदी आहे. विक्रेत्याचे नाव-पत्ता, तक्रार निवारणाची सोय आणि माल परत करण्याच्या अटी स्पष्ट लिहिणे हेही त्याच नियमांत येते.

नाव कोणाच्या नावावर?

संकेतस्थळाचा पत्ता, म्हणजे डोमेन, दरवर्षी किंवा ठरावीक मुदतीने पैसे भरून चालू ठेवावा लागतो. तो नेहमी आपल्या स्वतःच्या नावावर आणि आपल्या ई-मेलवर घ्यावा. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या नावावर तो राहिला आणि पुढे मुलगा परगावी गेला, तर धंद्याची पाटी त्याच्याबरोबर जाते. '.इन' बरोबरच २०१४ पासून देवनागरीत '.भारत' पत्ताही मिळतो. कन्नड लिपीतही तो मिळतो.

नाव पक्के करण्याआधी ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर ते आधीच कोणी घेतले आहे का हे फुकट पाहता येते. व्यक्तीने किंवा लघुउद्योगाने ऑनलाइन अर्ज केल्यास एका वर्गासाठी साडेचार हजार रुपये शुल्क आहे. नोंदणी दहा वर्षे टिकते, पुढे वाढवता येते. इरकल, पैठणी ही नावे मात्र तिथल्या विणकरांची आहेत. ती आपल्या एकटीची करता येत नाहीत.

सीमाभागातल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. निपाणीहून कागलला पार्सल पाठवणे आपल्याला शेजारच्या घरी देण्यासारखे वाटते, जीएसटीच्या हिशेबात मात्र तो दुसऱ्या राज्यातला व्यापार ठरतो. अशा विक्रीला उलाढाल लहान असली तरी सहसा नोंदणी लागते. हस्तकलेच्या काही वस्तूंना ठरावीक मर्यादेपर्यंत सवलत आहे. वेबसाइट सुरू करण्याआधी कर सल्लागाराकडे एकदा जाऊन यावे.

बेळगावचा जुना धडा

आडनावाचा ब्रँड कसा होतो याचे उदाहरण आपल्याच मातीत आहे. गुर्लहोसूरला जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केले तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकायला त्यांना जवळजवळ दोन वर्षे लागली. नांगर शेतात चालताना पाहिल्यावर शेतकऱ्यांचा विश्वास बसला. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. कारखान्यात काय चालते, कुठला माल निघतो हे गिऱ्हाइकाला कळवणारे ते छोटे मासिक होते. आजच्या संकेतस्थळाचे बरेचसे काम त्या काळी त्याने केले. मासिक निघाले तोवर नाव झालेले होते, आणि ते नांगराने झाले होते.

साड्या विकणाऱ्या आपल्या वहिनी-अक्कांनी हा क्रम ध्यानात ठेवावा. सुरुवातीला दहाच साड्या घ्याव्यात, त्या स्वतः धुऊन, उन्हात वाळवून पाहाव्यात आणि जे दिसेल ते दोन भाषांत लिहावे. त्या दहा साड्यांखालचा मजकूर तयार झाला की समजावे, अर्धे संकेतस्थळ तयार झाले.