माजघरातल्या संगणकाचा चोरकप्पा

मी मूळचा जुन्या दप्तरांचा माणूस. अंबाजोगाई आणि आसपासच्या घरांत पडून असलेले मोडी कागद गोळा करायचे, स्कॅन करायचे आणि जमेल तसे वाचायचे, हा माझा पंचवीस वर्षांचा उद्योग. संगणक मी या कागदांसाठी शिकलो, तोही कुणाकडे शिकवणी न लावता, बिघडवत बिघडवत. त्यामुळे घरातल्या सामायिक संगणकाचं कारभारीपण आपसूक माझ्याकडे आलं. माजघरात, शिवणयंत्राच्या शेजारी तो ठेवलेला. सुरू केला की पडद्यावर पाच चित्रं यायची : दादा, वहिनी, मी, माझी पत्नी आणि पुतण्या. पाच माणसं, पाच खाती.

2015 च्या पावसाळ्यात (पाऊस नव्हताच, नुसता पावसाळा होता) माझ्या स्कॅननी डिस्क भरत आली. जागा कशानं खाल्ली ते पाहायला मी सी ड्राइव्हमधलं 'युजर्स' हे फोल्डर उघडलं. पाच माणसांची पाच फोल्डरं दिसली, 'पब्लिक' नावाचं विंडोजचं नेहमीचं एक दिसलं आणि आणखी एक. त्याचं नाव 'वही'.

या नावाचं माणूस आमच्या घरात नाही. पडद्यावर त्याचं चित्र कधी आलं नव्हतं. मग मी काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, 'नेट युजर' ही आज्ञा दिली. ती संगणकावरच्या खात्यांची यादी देते. यादीत 'वही' होतं.

जुन्या वाड्यांत हिंडलेल्या माणसाला अशा वेळी बळद आणि चोरकप्पे आठवतात. भिंतीच्या पोटात धान्य, फडताळाच्या मागच्या फळीआड दागिने. पण चोरकप्पा आणि कुलूप या दोन वेगळ्या वस्तू आहेत. चोरकप्प्याला बहुधा कुलूप नसतंच, तो फक्त दिसत नाही. संगणकातल्या लपवलेल्या खात्याचंही तसंच आहे आणि सगळा घोळ इथेच होतो.

एका यंत्रावर अनेकांची खाती ही कल्पना घरातली नाही, विद्यापीठातली आहे. अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1961 मध्ये 'सीटीएसएस' ही प्रणाली दाखवली. तिच्यावर एकच महागडा संगणक अनेक जण एकाच वेळी वापरत. प्रत्येकाचे कागद वेगळे राहावेत म्हणून तिथे पासवर्ड आले. पुढच्याच वर्षी ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्यानं, आपल्याला मिळणारा वेळ पुरत नाही म्हणून, पासवर्डची अख्खी फाईल छापून घेतली आणि इतरांच्या नावानं काम केलं. म्हणजे खातं आणि खात्यात डोकावणारा यांचं वय जवळपास सारखंच आहे.

घरगुती संगणकाला ही शिस्त फार उशिरा लागली. विंडोज 98 मध्ये पासवर्डची चौकट यायची खरी, पण 'एस्केप' दाबलं की सरळ आत जाता यायचं. ऑक्टोबर 2001 मध्ये विंडोज एक्सपी आलं आणि चित्रांचा स्वागत-पडदा घरोघर पोचला. त्या पडद्यामागे पहिल्यापासून एक लपलेलं खातं होतं, 'ॲडमिनिस्ट्रेटर'. घरगुती आवृत्तीत त्याला बहुधा पासवर्डच नसायचा आणि सेफ मोडमध्ये संगणक सुरू केला की ते समोर यायचं. ते तिथे आहे हेच बहुतेक घरांना माहीत नव्हतं. व्हिस्टापासून ते बंद ठेवलेलं असतं.

आता खातं लपवतात कसं, ते. विंडोजच्या रजिस्ट्रीत 'विनलॉगॉन' नावाच्या भागाखाली 'स्पेशल अकाउंट्स' आणि त्याखाली 'युजरलिस्ट' अशी जागा असते. नसेल तर करता येते. तिथे खात्याच्या नावानं एक नोंद करायची आणि तिची किंमत 0 ठेवायची. पुढच्या वेळी चित्र येत नाही. किंमत 1 केली किंवा नोंद पुसली की चित्र परत. एवढंच. खातं तसंच असतं, त्याचे अधिकार तसेच, फायली तशाच. स्वागत-पडद्यावरची एक पाटी तेवढी काढलेली असते. खात्याच्या नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह दिलं तर ते 'नेट युजर'च्या यादीतही येत नाही. अशी नावं दिसली तर मात्र सावध व्हावं, कारण ही युक्ती घरच्या माणसांपेक्षा बाहेरच्या घुसखोरांना जास्त ठाऊक असते. तरीही 'युजर्स'मधलं फोल्डर राहतंच. शिवाय डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली तर ती सांकेतिक केलेली नसल्यास सगळंच वाचता येतं, तिथे लपलेलं-उघडं असा भेदच नाही.

आमच्या यंत्रावर 'वही'ची नोंद युजरलिस्टमध्ये होती, किंमत 0. माझा संशय पुतण्यावर गेला. बारावीतला मुलगा, लपवलेलं खातं. काय असणार ते मी मनात ठरवूनही टाकलं. आणि फोल्डरवर दोनदा टिचकी मारली.

विंडोजनं एक चौकट दाखवली : या फोल्डरची परवानगी तुम्हाला सध्या नाही, कायमची मिळवण्यासाठी 'कंटिन्यू' दाबा. मी दाबलं. हजारो घरांतले कारभारी रोज दाबतात. पण त्या वाक्यातला 'कायमची' हा शब्द मी वाचला नव्हता, आणि या लेखातली सगळ्यात महत्त्वाची तांत्रिक गोष्ट तीच आहे. ते बटण दाबल्यावर दार क्षणभर उघडून मिटत नाही. त्या फोल्डरच्या परवानगी-यादीत तुमचं नाव लिहिलं जातं आणि तिथेच राहतं. उद्या तुमचं प्रशासकपद काढून घेतलं तरी तुम्ही तिथे जाऊ शकता. शिवाय फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'सिक्युरिटी' या पानावर दिसतं, की हा गृहस्थ आत येऊन गेला.

आत एक्सेलच्या तीन फायली होत्या. एक मी उघडली. बायकांची नावं, दरमहाची बचत, कर्ज, व्याज आणि शेवटच्या रकान्यात कर्जाचं कारण. चार-पाच ओळी वाचल्यावर मी ती बंद केली. त्या चार-पाच ओळी आधीच जास्त झाल्या होत्या.

वहिनी त्यांच्या बचत गटाच्या कोषाध्यक्ष आहेत. त्यांच्या नावाचं खातं संगणकावर होतंच, पण लग्नाचे फोटो पाहायला सगळं घर तेच वापरायचं. म्हणून पुतण्यानं आईला दुसरं खातं करून दिलं, लपवलं, आणि तिच्या डेस्कटॉपवर 'रन ॲज' या आज्ञेचं एक चिन्ह ठेवलं. त्यावर टिचकी मारली की काळी खिडकी 'वही'चा पासवर्ड मागते आणि एक्सेल त्या खात्याच्या नावानं उघडतं. स्वागत-पडद्यावर जायची गरजच नाही. त्या काळ्या खिडकीत पासवर्ड टाईप करताना चांदण्यासुद्धा उमटत नाहीत. पहिल्या दिवशी वहिनींना कीबोर्ड बिघडला असं वाटलं होतं.

मी रात्री जेवणानंतर त्यांना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "भाऊजी, कारणाचा रकाना वाचलात का?"

तो प्रश्न समजायला आपला जिल्हा माहीत पाहिजे. गटातल्या निम्म्या बायका ऊसतोडीला जाणाऱ्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात, त्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. बाईच्या हातात राहतो तो गटातला पैसा. तो किती आहे आणि कशासाठी काढला, हे गटाच्या सभेत उघड असतं, सगळ्या जणी ऐकतात. घरी मात्र ते झाकलेलं असतं. मुलीची फी, माहेरच्या आजारपणाला दिलेले पैसे, कुणाचं स्वतःचं दवाखान्याचं बिल. आमच्या माजघरात दादांना भेटायला येणाऱ्यांत त्या बायकांचे नवरेही असत. 'वही' लपवली होती ती त्यांच्यापासून, आणि माझ्यापासूनही.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं पुट्टस्वामी खटल्यात 24 ऑगस्ट 2017 रोजी दिला. 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. पण एखाद्या व्यक्तीनं वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माहिती हाताळली तर तो लागू होत नाही, असं त्याच्या तिसऱ्या कलमातच म्हटलं आहे. ते मला समजतं. दिराविरुद्ध खटले चालवायला कायदा केलेला नाही. पण घरातला प्रश्न मग घरालाच सोडवावा लागतो.

आम्ही काय केलं ते सांगतो. आधी वहिनींना शेजारी बसवून त्या फोल्डरच्या 'सिक्युरिटी' यादीतून माझं नाव काढलं. मग हेही सांगितलं की प्रशासकाला ते पुन्हा घालता येतं, त्यामुळे यावर विसंबू नका. फायलींना एक्सेलचा स्वतःचा, फाईल उघडतानाच मागितला जाणारा पासवर्ड घातला. 2007 नंतरच्या एक्सेलमध्ये हा पासवर्ड फाईल खरोखर सांकेतिक करतो, तो विसरला तर प्रशासकही काही करू शकत नाही. म्हणून त्याची प्रत गटाच्या सचिवबाईंकडे. (पानाला घालतात तो 'प्रोटेक्ट शीट'चा पासवर्ड म्हणजे दाराला लावलेला दोरा, त्याच्या भरवशावर राहू नये.) 'वही'ची युजरलिस्टमधली नोंद काढून टाकली. आता पडद्यावर सहा चित्रं येतात. सहावं कुणाचं, असं दादांनी एकदा विचारलं. "गटाचं," असं वहिनींनी सांगितलं आणि विषय संपला.

राहिलं प्रशासकपद. मी स्वतःसकट सगळ्यांची खाती साधी केली आणि प्रशासकाचं खातं वेगळं काढलं. ते लपवायचा मोह होतो, पण एकमेव प्रशासक-खातं कधीही लपवू नये. काही बसवायचं झालं की येणाऱ्या परवानगीच्या चौकटीत मग पासवर्ड टाकायला नावच उरत नाही, आणि घर आपल्याच संगणकाबाहेर राहतं. माझ्या ओळखीत दोघांवर ही वेळ आली आहे.

त्या खात्याचा पासवर्ड कुणाकडे असावा, यावर तोड वहिनींनीच काढली. त्यांच्या गटाची पैशाची पेटी एकीच्या घरी असते आणि किल्ली दुसरीच्या. तसं पासवर्डचे दोन तुकडे केले. काही नवं बसवायचं असलं की मी आधी माझा तुकडा टाईप करतो आणि खुर्ची सोडतो. मग वहिनी पदराला हात पुसत येतात, आणि मी खिडकीतून अंगणातल्या लिंबाकडे बघत उभा राहतो.