पेशीची गोष्ट – लेखांक ७ : उबेचे पहिले तीन दिवस

मागच्या लेखांकात आपण जर्मनीतल्या फ्रायबुर्गला होतो. तिथे हान्स श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांनी न्यूट या प्राण्याच्या भ्रूणाचा बारीकसा कपटा दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाकडे बसवला आणि त्या जागी दुसरा भ्रूण आकाराला आला. त्यांचा तो निबंध १९२४ सालचा. त्या कपट्यातल्या पेशींनी नवा भ्रूण एकट्याने बांधला नव्हता, शेजारच्या पेशींना कामाला लावले होते, हा त्या प्रयोगाचा गाभा.

न्यूट आपल्यापैकी फारसे कुणी पाहिलेले नाही. म्हणून आज पेठ वडगावच्या कुठल्याही गल्लीत सापडेल असा प्राणी घेऊ: कोंबडी. एका पेशीपासून अख्खा जीव कसा घडतो हे माणसाने सर्वांत जास्त पाहिले ते कोंबडीच्याच अंड्यात. उबवणीला ठेवलेली अंडी रोज एक याप्रमाणे फोडून आत काय चालले आहे, याची नोंद ॲरिस्टॉटलने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी केली होती.

आधी एक नेहमीची शंका मिटवू. दुकानातून आणलेले पांढरे अंडे उबवले तर पिल्लू निघेल का? नाही. लेअर कोंबड्यांच्या शेडमध्ये कोंबडा नसतोच, त्यामुळे त्या अंड्याचे फलन झालेले नसते. कोंबड्याबरोबर मोकळ्या फिरणाऱ्या गावठी कोंबडीच्या अंड्याची गोष्ट वेगळी. दोन्ही अंडी बशीत अलगद फोडून पिवळ्या बलकाकडे नीट पाहा. वर एक पांढरट ठिपका दिसेल. लेअरच्या अंड्यात तो लहान, भरीव आणि ओबडधोबड असतो. फलित अंड्यात तो तीन-चार मिलिमीटर रुंद असतो, गोल असतो आणि मध्ये थोडा विरळ दिसतो. पिल्लू होणार ते या ठिपक्याचे. बाकीचा बलक आणि पांढरे ही त्याची एकवीस दिवसांची शिदोरी.

हा ठिपका म्हणजे एक पेशी नव्हे. बीजांड कोंबडीच्या पोटात बीजनलिकेच्या तोंडाशी येते तेव्हा ते एका पेशीचे असते आणि फलन तिथेच होते. मग नलिकेतून खाली सरकताना त्याच्याभोवती पांढरे चढते, पापुद्रे चढतात आणि शेवटी कवच चढते. एकट्या कवचालाच वीसेक तास लागतात. सगळा प्रवास सुमारे एका दिवसाचा, आणि त्या काळात पेशी स्वस्थ बसलेली नसते. एकीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ होत राहतात. अंडे बाहेर पडते तेव्हा ठिपक्यात चाळीस ते साठ हजार पेशी असतात. म्हणजे अंडे घातले त्या क्षणी होणाऱ्या पिलाचे वय एक दिवस असते.

आणि तिथेच काम थांबते. ऊब नाही, तर वाढ नाही. साधारण २० अंश सेल्सिअसच्या खाली भ्रूण जिवंत राहतो, पण पुढे सरकत नाही. कोंबडी दहा-बारा दिवसांत दहा-बारा अंडी घालते, मग खुडूक होऊन त्यांच्यावर बसते, आणि पिल्ले मात्र जवळजवळ एकाच दिवशी बाहेर येतात. याचे कारण हेच. पहिले अंडे बाराव्याची वाट पाहत थांबलेले असते. जाणत्या बायका उबवायची अंडी भुसकटाच्या पाटीत घालून गार कोपऱ्यात ठेवतात, त्यातले शास्त्रही हेच. वैशाखात पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेली अंडी धड थांबत नाहीत, धड वाढत नाहीत. आतला भ्रूण अर्धवट पुढे जाऊन मरतो आणि दोष कोंबडीवर येतो. कोल्हापूरच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रासारख्या ठिकाणी अंडी आधी थंड खोलीत ठेवून मग यंत्रात घालतात ती यासाठीच.

आता कोंबडी बसली, किंवा यंत्राचे तापमान साडेसदतीस अंशांवर आले. इथून घड्याळ लावू.

पहिले सहा-सात तास गेले की त्या ठिपक्याच्या, म्हणजे पेशींच्या चकतीच्या, एका कडेला पेशींची दाटी होऊ लागते. दाटी लांबत जाते आणि सोळा ते अठरा तासांत चकतीच्या मधोमध एक उभी रेषा उमटते. भ्रूणविज्ञानात हिला आद्यरेषा म्हणतात. वरच्या थरातल्या पेशी या रेषेपाशी येतात, आत उतरतात आणि खाली पसरतात. एका थराचे तीन थर होतात. वर राहिलेल्या थरातून कातडी, पिसे, मेंदू आणि मज्जारज्जू होणार. मधल्यातून स्नायू, हाडे, रक्त आणि हृदय. सर्वांत खालच्यातून आतड्याचे आणि फुप्फुसांचे अस्तर. डोके कुठे, शेपूट कुठे, डावे-उजवे कुठले, याचाही निवाडा या रेषेनुसार होतो. एक दिवसही झालेला नसतो, पण शरीराचा आराखडा ठरलेला असतो.

पुढे वरच्या थराच्या मधोमध एक पट्टी जाड होते. तिच्या कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात आणि जुळतात. पट्टीची नळी होते. मेंदू आणि मज्जारज्जू या नळीतून होतात. नळीच्या दोन्ही बाजूंना, सुमारे दर दीड तासाला एक जोडी, या वेगाने पेशींचे ठोकळे सुटे होत जातात. पाठीचे मणके आणि पाठीचे स्नायू त्यांतून बनतात. अशा दहा जोड्या झाल्या की, म्हणजे ३३ ते ३८ तासांच्या दरम्यान, हृदय हलू लागते. तेव्हा ते चार कप्प्यांचे नसते, एक साधी नळी असते. वाहून न्यायला रक्तही पुरते तयार नसते, तरी ती आकुंचन पावू लागते.

तिसऱ्या दिवशी अंड्याच्या वरच्या बाजूला कवचाची छोटी खिडकी कापली, तर बलकावर लाल शिरांचे वर्तुळ पसरलेले दिसते. मधोमध सेंटिमीटरभराचासुद्धा नसलेला, एका कुशीवर वळलेला भ्रूण असतो. डोळा शरीराच्या मानाने अवाढव्य. गळ्याखाली एक लाल ठिपका, म्हणजे हृदय, धडधडायचे थांबत नाही. कडेला दोन जोड्या उंचवटे दिसतात: पुढचे पंखांचे, मागचे पायांचे. अजून अठरा दिवस बाकी आहेत, पण त्यांत मुख्यत्वे वाढ आणि भर पडते.

ही सगळी हालचाल कवचाआड चालते, मग ती कुणी पाहिली कशी? याचे उत्तर शोधताना आपण शेवटी पुण्याला पोहोचू. १९५५ साली डेनिस न्यू यांनी एक युक्ती काढली. बलकावरचा पातळ पापुद्रा भ्रूणासकट सोडवून घ्यायचा, काचेच्या कड्यावर ताणून बसवायचा आणि खाली अंड्याचे पांढरे द्यायचे. काचेच्या बशीत भ्रूण एक-दोन दिवस वाढतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास पाहता येतो. हवे ते कापता येते, हवे ते चिकटवता येते. एडिनबरो इथे सी. एच. वॉडिंग्टन यांच्याकडे असे प्रयोग चालत. श्पेमान-मांगोल्ड यांना न्यूटमध्ये जे दिसले, ते पक्ष्यांतही घडते, हे वॉडिंग्टन यांनी १९३० च्या दशकात दाखवले होते. आद्यरेषेच्या टोकाची गाठ दुसरीकडे बसवली, तर तिथे दुसरा भ्रूण उभा राहतो.

एडिनबरोच्या त्या प्रयोगशाळेत काम केलेल्या एक मराठी शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. लीला मुल्हेरकर. गाठीतच नव्हे, तर आद्यरेषेच्या बाजूच्या भागांतही शेजाऱ्यांना कामाला लावण्याची ताकद आहे का, हे तपासणारा त्यांचा निबंध १९५८ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९६० साली त्यांनी ट्रिपॅन ब्लू हा रंग बशीतल्या भ्रूणावर काय करतो, याचा अभ्यास मांडला. गाभण उंदरांना हा रंग टोचला तर पिल्ले व्यंग घेऊन जन्मतात, हे आधी कळले होते. पण मादीच्या पोटात नेमके काय बिघडते ते दिसत नव्हते. बशीतल्या भ्रूणाला आईचे शरीर नाही, कवच नाही. काय बिघडते आणि केव्हा बिघडते, दोन्ही समोर दिसते. पुढे पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात त्यांनी या विषयाची परंपरा रुजवली. त्यांचे विद्यार्थी डॉ. सुरेंद्र घासकडबी यांनी पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेत भ्रूणांवर आणि हायड्रा या प्राण्यावर काम केले.

आता मूळ प्रश्न. सगळ्या पेशी एकाच पेशीच्या लेकी आणि सगळ्यांत जनुके तीच. मग पंखाच्या उंचवट्यातल्या पेशीला कसे कळते की आपण कुठले बोट व्हायचे?

कोंबडीच्या पंखात तीन बोटे असतात. १९६८ साली जॉन साँडर्स आणि मेरी गॅसेलिंग यांनी उंचवट्याच्या मागच्या कडेचा तुकडा काढून दुसऱ्या भ्रूणाच्या पंखाच्या पुढच्या कडेला बसवला. आरशात प्रतिबिंब पडावे तशी त्या पंखाला दोन्हीकडून बोटे आली. त्या कडेच्या पेशी एक पदार्थ सोडतात. तो कुठला, हे १९९३ साली कळले: सॉनिक हेजहॉग नावाचे प्रथिन. उगमाजवळ ते जास्त असते, लांब जाता जाता कमी होते. वारणेकाठच्या ऊसवाल्याला हे समजावून सांगायला नको. पाटाच्या तोंडाशी पाणी धो धो, शेवटच्या सरीला जेमतेम ओल. डोळे मिटून सरीत उभे केले तरी पायाखालच्या पाण्यावरून आपण पाटापासून किती लांब आहोत, ते तो सांगेल. पेशीही तेच करते. प्रथिन किती पोहोचले आणि किती वेळ पोहोचत राहिले, यावरून तिला स्वतःची जागा कळते आणि जागेप्रमाणे ती जनुके चालू-बंद करते. लुईस वोल्पर्ट यांनी हा विचार १९६९ मध्ये मांडला होता, प्रथिन हाती लागण्याच्या कितीतरी आधी. माणसाच्या हातातही हेच प्रथिन हेच काम करते. काही घराण्यांत अंगठ्याजवळ जादा बोट पिढ्यान्‌पिढ्या येते. त्यांतल्या काहींत हे प्रथिन नको त्या कडेलाही बनू लागलेले असते.

म्हणजे अंड्यात पिलाची चिमुकली मूर्ती नसते आणि सगळ्यांवर नजर ठेवणारा मुकादमही नसतो. प्रत्येक पेशी आपली जागा, आपले शेजारी आणि आपली वेळ ओळखून वागते. यांत वेळ सर्वांत कडक. नळीच्या कडा जुळायचे तास ठरलेले आहेत. त्या तासांत जुळल्या नाहीत, तर नंतर कितीही पोषण दिले तरी जुळत नाहीत.

माणसाच्या बाबतीत हे हिशेबात घ्यायलाच हवे. मेंदू-मज्जारज्जूची तीच नळी आपल्यात गर्भधारणेपासून सुमारे २८ व्या दिवशी पूर्ण मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. पुष्कळ घरांत तोवर खात्रीही झालेली नसते, दवाखान्याची पहिली खेप लांबच. नळी खाली उघडी राहिली तर बाळाच्या पाठीच्या कण्याला व्यंग येते, वर उघडी राहिली तर मेंदूच धड बनत नाही. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांत केलेल्या चाचणीचा निष्कर्ष आला. आधी असे बाळ झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतले, तर हा दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले.

तेव्हा एवढे ध्यानात ठेवा. घरात नवी सून, लेक किंवा बहीण मुलाचा विचार करत असेल, तर फॉलिक ॲसिडची रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधी सुरू व्हावी आणि पहिले तीन महिने चालू राहावी. आधीच्या बाळाला असा दोष झाला असेल, तर मात्रा बरीच जास्त लागते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची. गोळी स्वस्त आहे. आशाताईंना किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा. फक्त ‘राहू दे, दिवस गेल्यावर बघू’ असे म्हणू नका. तोवर नळी मिटायची वेळ निघून गेलेली असते.