रात्री अकरापर्यंत ‘रेट काय?’ला उत्तरं देताय? घरगुती धंद्यात एआय कुठं कामाला येतं आणि कुठं गोत्यात आणतं

दिवाळीला पंधरा दिवस राहिलेत. बदलापूरच्या सोनिवलीत एक ताई घरून फराळाच्या ऑर्डरी घेते, असं समजा. दुपारी चकल्या तळायला घेतल्या की नेमका फोन वाजायला लागतो. ‘चकली काय भावानं?’, ‘अर्धा किलो मिळेल का?’, ‘अंबरनाथला पोचवता का?’ हात तेलाचे, त्यामुळं उत्तर द्यायचं राहून जातं. रात्री जेवणं उरकून ती फोन घेऊन बसते, तोवर दोन-चार गिऱ्हाइकांनी दुसरीकडं ऑर्डर दिलेली असते.

साधा हिशोब करा. दिवसाला २५ मेसेज आणि प्रत्येकाला ३ मिनिटं, म्हणजे ७५ मिनिटं. महिन्याचे झाले साडेसदतीस तास. इतका वेळ फक्त तीच तीच उत्तरं टाइप करण्यात जातो.

बदलापूरची फराळवाली असो, अंबरनाथचा क्लासवाला असो की उल्हासनगरचा कपड्यांचा छोटा व्यापारी, एकट्यानं धंदा करणाऱ्या सगळ्यांचं दुखणं हेच आहे. माल बनवायचा, विकायचा, हिशोब ठेवायचा आणि मेसेजही बघायचे. माणूस मात्र एकच.

मग एआय यात काय करू शकतं?

आधी तीन दिवस वहीत लिहा

सुरुवात एआयपासून करायची नाही, वहीपासून करायची. तीन दिवस कोणत्या कामाला किती वेळ गेला ते लिहून काढा. मग कामांचे दोन भाग करा. पहिला भाग बोलण्या-लिहिण्याचा : भाव सांगणं, ऑर्डरीचा मेसेज, जाहिरातीचा मजकूर, पैशांची आठवण. दुसरा भाग हाताचा आणि नजरेचा : भाजणी, शिलाई, मालाची पारख, गिऱ्हाइकाशी जपलेलं नातं. एआयचा उपयोग मुख्यतः पहिल्या भागात होतो.

त्यातलंही काही काम एआयशिवाय होतं. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे अ‍ॅप भारतात २०१८ पासून फुकट मिळतं. त्यात क्विक रिप्लाय आहे, म्हणजे नेहमीचं उत्तर एकदा साठवून ठेवायचं आणि दोन टिचक्यांत पाठवायचं. तुम्ही कामात असताना आपोआप जाणारा अवे मेसेज आहे. फोटो आणि भाव लावून ठेवायला कॅटलॉग आहे. अनेकांच्या फोनमध्ये हे अ‍ॅप असतं, पण या सोयी कधी उघडूनच बघितलेल्या नसतात.

एआयला काम सांगायचं कसं?

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. गुगलचं जेमिनी अ‍ॅप जून २०२४ मध्ये भारतात आलं, तेव्हाच त्यात मराठी होती. त्यामुळं इंग्रजी येत नाही ही अडचण आता राहिलेली नाही. टाइप करायचा कंटाळा असेल तर बोलूनही सांगता येतं.

पण ‘फराळाची जाहिरात लिही’ एवढंच सांगितलं, तर ‘परंपरेची अवीट गोडी’ छापाचा मजकूर हातात पडतो. तो कोणत्याही दुकानाला चालला असता, म्हणून तुमच्या कामाचा नाही. त्याऐवजी असं सांगा :

‘मी बदलापुरात घरून फराळ विकते. चकली ४८० रुपये किलो, करंजी ५५० रुपये किलो. अर्ध्या किलोपासून ऑर्डर घेते. निम्मे पैसे आगाऊ. बदलापूर आणि अंबरनाथला बुधवारी, शनिवारी पोचवते. गिऱ्हाइकं नेहमी विचारतात अशा पाच प्रश्नांची दोन-दोन ओळींची उत्तरं साध्या मराठीत लिही. मी न दिलेली माहिती मनानं घालू नकोस.’

आलेली उत्तरं वाचायची, आपल्या बोलण्यासारखी करून घ्यायची आणि क्विक रिप्लायमध्ये साठवायची. उल्हासनगरच्या गिऱ्हाइकांसाठी तोच मजकूर हिंदीत करून घ्यायचा. हे काम एकदाच करायचं असतं, पण सव्वा तासातला मोठा भाग त्यानं रोज वाचतो.

दुसरा उपयोग भाव ठरवताना होतो. ‘एक किलो चकलीचा खर्च काढताना मी काय विसरत असेन?’ असं विचारून बघा. गॅस, पिशव्या, फुटलेला माल, रिक्षाभाडं आणि स्वतःची मजुरी अशी यादी समोर येते. घरगुती धंद्यात शेवटची गोष्ट हमखास विसरली जाते. बेरीज-वजाबाकी मात्र कॅल्क्युलेटरवर पुन्हा तपासा.

तिसरा उपयोग दिवस आखायला. ‘शनिवारी १२ किलो चकली आणि ८ किलो करंजी द्यायची आहे, शेगडी एकच आहे, गुरुवारपासूनचं वेळापत्रक दे’ असं सांगता येतं. पण पाणी किती वाजता येतं आणि मुलं शाळेतून कधी परततात, हे तुम्ही सांगितलं नाही तर एआयला कळणार कसं? मग ते वेळापत्रक कागदावरच राहतं.

गोत्यात कुठं येतो?

एआय चुकीची गोष्टही तितक्याच ठामपणे सांगतं. विशेषतः सरकारी नियमांत, कारण नियम बदलतात आणि एआयकडं कधी कधी जुनीच माहिती असते. दोन उदाहरणं बघा. पाकीटबंद नमकीनवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सूक्ष्म उद्योगाची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून वाढली. आधी १ कोटी गुंतवणूक आणि ५ कोटी उलाढाल होती, आता अडीच कोटी आणि १० कोटी आहे. म्हणून कर, परवाने, नोंदणी हे सगळं सरकारी संकेतस्थळावर किंवा आपल्या सीएकडं तपासायचं. जाता जाता एक गोष्ट : सरकारी संकेतस्थळावरची उद्यम नोंदणी मोफत आहे.

दुसरा धोका एआयला थेट गिऱ्हाइकाशी बोलायला लावण्याचा. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटनं एका प्रवाशाला तिकिटाच्या सवलतीची चुकीची माहिती दिली. पैसे परत द्यायची वेळ आली तेव्हा चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, असा बचाव कंपनीनं केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या न्यायाधिकरणानं तो फेटाळला आणि प्रवाशाला ८१२ डॉलरच्या आसपास रक्कम द्यायला लावली. एवढ्या मोठ्या कंपनीला ही पळवाट मिळाली नाही. तुमच्या नावानं गेलेला शब्द तुमचाच असतो. भाव, तारीख आणि ‘हो, नक्की देते’ हे तीन शब्द माणसानंच द्यावेत.

तिसरी गोष्ट गिऱ्हाइकांच्या माहितीची. नाव, फोन नंबर, पत्ता, उधारीची यादी एआयमध्ये जशीच्या तशी टाकू नका. नावाच्या जागी ‘गिऱ्हाईक १, गिऱ्हाईक २’ लिहिलं तरी काम होतं. भारतात वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, घरगुती धंदा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या विश्वासावर चालतो. तो एकदा गेला की कोणतंही अ‍ॅप तो परत आणून देत नाही.

वाचलेल्या तासाचं काय?

आता सगळं जमलं आणि रोज एक तास मोकळा झाला, असं धरून चला. तो कशाला वापरायचा हे आधी ठरवलं नसेल, तर तो रील बघण्यात जातो किंवा आणखी दहा ऑर्डरी घेण्यात जातो. दुसऱ्या प्रकारात कमाई वाढते, पण रात्रीचे अकरा पुन्हा वाजतातच.

म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर त्या तासाचं काम लिहून ठेवा. नवीन पदार्थ करून बघणं, उधारी वसूल करणं, मुलांचा अभ्यास घेणं किंवा नुसती झोप, काहीही चालेल. आणि सुरुवात एकाच कामापासून करा. या आठवड्यात फक्त ‘रेट काय?’ या प्रश्नाचं उत्तर साठवून ठेवा आणि फोन किती वाजता खाली ठेवला ते रोज वहीत लिहा. फरक पडला की नाही, हे त्या आकड्यावरूनच कळेल.