दार अधिकृत, जिना अनधिकृत

दुसऱ्या मजल्यावर दार, दाराला बाहेरून कडी, चौकटीवर सुकलेलं आंब्याच्या पानांचं तोरण, आणि उंबरठ्यापुढे काहीच नाही. खाली थेट रस्ता. कल्याणच्या पुढे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात अशा फोटोसाठी फार वणवण करावी लागू नये. रस्तारुंदीत इमारतीचा दर्शनी भाग कापला जातो, गॅलरी जाते, जिना जातो, दार तेवढं मागे राहतं. कधी उलटही होतं: दार आधी बसतं आणि गॅलरीपर्यंत पोचेस्तोवर पैसे संपतात. फोटो हातोहात फिरू लागला की त्याखाली गमतीच्या ओळी सुचवण्याची चढाओढ लागते, आणि त्यातल्या बहुतेक फसतात. ‘गवंडी शुद्धीवर होता का?’ ही त्यातली हमखास पहिली. ती फसते, कारण ती दाराची चूक दाखवून मोकळी होते, आणि चूक तर फोटोनेच दाखवलेली असते. माझं म्हणणं असं की चांगली ओळ दाराची बाजू घेते. दार योग्य जागीच आहे असं ती धरून चालते आणि त्यातून कोणी कसं यावं-जावं याची चोख व्यवस्था लावून देते.

पडताळून पाहा. ‘फेरीवाले व सेल्समन यांनी याच दाराने यावे.’ यात दाराला नावं ठेवलेली नाहीत. उलट त्याला काम नेमून दिलं आहे, आणि त्या कामासाठी याहून सोयीचं दार शोधून सापडणार नाही. ‘चपला बाहेर काढाव्यात’ ही त्याहून सरस, कारण तिच्यात एकही शब्द नवा नाही. हजारो दारांवर असलेली पाटी इथे लावली की ‘बाहेर’ कुठे, हा प्रश्न वाचणाऱ्यालाच पडतो. बदलापूर लोकलने रोज जाणाऱ्याला फलाट आणि पायदान यांतल्या अंतराकडे लक्ष देण्याची सूचना पाठ असते. ती जशीच्या तशी या उंबरठ्याखाली छापली तरी भागतं. बिल्डरची भाषाही इथे फुलते: ‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर, उतरायला दोन सेकंद.’ ही मात्र मला किंचित कमी आवडते. तिला आपण विनोद करतोय हे ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असलेली ओळ लगेच खाकरू लागते. पुणेरी पाटीशी या ओळींचं नातं आहे, पण पुणेरी पाटी समोरच्या माणसाला टोचते. इथे दारासमोर माणूस उभाच राहू शकत नाही, त्यामुळे टोचण्याऐवजी कारभार पाहावा लागतो.

कुठेच न जाणाऱ्या दाराखाली गंभीर चेहऱ्याने मजकूर लिहिण्याची रीत जुनी आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये थडग्याच्या भिंतीत दगडी खोटं दार कोरत. त्यावर मृताचं नाव, हुद्दे आणि त्याला भाकरी नि बिअर मिळत राहावी अशी मागणी असे. म्हणजे दार कोणाचं आणि त्यातून काय जाणार, याची रीतसर नोंद. विनोद तिथे नव्हताच, पण आजच्या चांगल्या ओळीचा साचा हाच आहे. जपानी कलावंत गेनपेई अकासेगावा यांनी तर अशा वास्तूंचं शास्त्रच मांडलं. १९७२ साली टोकियोच्या योत्सुया भागात त्यांना एक जिना दिसला: चढायचं, वर दार नाही, पुन्हा उतरायचं. त्यांना खरी चकित करणारी गोष्ट पुढची होती. त्या निरुपयोगी जिन्याचा कठडा कोणीतरी दुरुस्त केला होता. पुढे त्यांनी अशा वस्तूंना नाव दिलं ‘थॉमसन’, योमिउरी जायंट्स संघाने मोठ्या पगारावर आणलेल्या आणि चेंडू हुकवत राहिलेल्या गॅरी थॉमसन या अमेरिकी बेसबॉलपटूवरून. हवेत उघडणाऱ्या दारांना त्यांच्या वर्गीकरणात वेगळा प्रकार आहे. आपल्या फोटोतलं तोरण म्हणजे तो दुरुस्त केलेला कठडाच. जिना गेल्यावरही कोणी तोरण बांधलं असेल, तर ओळ दाराइतकीच त्या तोरणाबद्दलही असायला हवी.

आता या पट्ट्याचा, म्हणजे उल्हासनगरचा, थोडा इतिहास, उरकूनच. दुसऱ्या महायुद्धातला कल्याणचा लष्करी तळ, फाळणीनंतर त्याच्या बराकींत आलेली सिंधी निर्वासितांची कुटुंबं, ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते झालेलं उल्हासनगर हे नामकरण, एक ते पाच नंबरचे कॅम्प. बराकीला खोली, खोलीला पोटमाळा, त्यावर मजला असं हे शहर वाढलं, आणि अखेर २००६ मध्ये राज्याला खास उल्हासनगरच्या अनधिकृत बांधकामांना नियमित करण्यासाठी कायदा करावा लागला. म्हणून मला सर्वांत उजवी वाटणारी ओळ इथलीच होऊ शकते: ‘दार अधिकृत, जिना अनधिकृत.’ ती कागदाच्या दृष्टीने बिनचूक आहे. फाइलमध्ये असं दार खुशाल नांदू शकतं.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ज्याचं अर्धं घर रस्त्यात गेलं, त्याच्या दारावर हसायचं का? गवंड्याच्या ओळीवर हसू नये, हे मला मान्यच आहे. ती घरावर आणि घरवाल्यावर हसते. कारभाराची ओळ मात्र घरवाल्याला आत सुरक्षित ठेवून फाइलीला उंबरठ्यावर उभं करते. अंबरनाथच्या किंवा उल्हासनगरच्या माणसाला तिच्यातला चिमटा बाहेरच्यापेक्षा आधी कळेल, कारण भोगवटा प्रमाणपत्राची वाट पाहण्याचा अनुभव त्याचा आहे.

दुसरा आक्षेप दिवाळी अंकाच्या वाचकाला सुचणारच: व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांनी शब्दावाचून हसवलं, मग फोटोला ओळ हवीच कशाला? पण ‘मोहिनी’ अंकाच्या मुखपृष्ठावर फडणीसांनी प्रत्येक रेघ हसण्यासाठीच आखलेली असे. फोटोतल्या दाराला कोणी हसण्यासाठी बसवलेलं नाही. ते निमूट आपलं काम करत असतं, आणि त्या कामाचं नाव सांगायला चार-सहा शब्द लागतात. त्याहून जास्त झाले तर खुलासा होतो. शेवटी उद्गारचिन्ह तर मुळीच नको. सोसायटीच्या नोटिशीला ते कधी नसतं; तिथे खाली ‘आदेशावरून’ एवढंच असतं.